विल्होची बंदूक

ताउनोच्या हातात जुनी लष्करी बंदूक द्यायची म्हणजे आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागे. लिलावात घेतलेली, कोठारात सापडलेली, आजोबांच्या पेटीतून निघालेली, कसलीही असो, आजूबाजूच्या गावांतले लोक ती घेऊन त्याच्या शेडमध्ये येत आणि कॉफी विचारायच्या आधी ताउनो ओरडे, "उघडून बघितलीस का? नाही? मग माझ्याकडे कशाला रोखतोस, गाढवा!" दस्त्याला सँडपेपर मारून आणणाऱ्याला तर तो दारातूनच परत पाठवी. जुने शिक्के, ओरखडे, कुणा सैनिकाच्या घामाचे डाग जसेच्या तसे ठेवून बंदूक पुन्हा चालती करायची, हे त्याचं वेड होतं.

फक्त एका बंदुकीला त्याने कधी हात लावला नव्हता. ती सासऱ्यांची, विल्होंची. लढाईवरून ते तिला घेऊनच परतले, आल्या आल्या तिला घट्ट ग्रीस थापलं आणि तळ्याकाठच्या लाकडी घरात भिंतीवर टांगली. "हिला कुणी साफबिफ करायचं नाही," असा त्यांचा हुकूम. ग्रीस सुकून राळेसारखं झालं, नळी मागून बंद करणारा बोल्ट जागीच रुतून बसला, बंदूक उघडेनाशी झाली. पण बोल्टमागची गुंडी जोर लावून ओढली की चाप मात्र दाबता यायचा आणि त्यातूनच घराचा रिवाज सुरू झाला. नवा जावई आला की भर उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणाला त्याला भिंतीशी उभं करायचं, बंदूक रोखायची, चाप ओढायचा. पापणी लवली नाही तर पोरगी दिली.

ताउनोची पापणी लवली नव्हती. हे त्याने सगळ्या गावाला सांगून झालं होतं. विल्हो गेल्यावर बंदूक त्याच्याकडे आली आणि थोरल्या जावयाची, यार्क्कोची, पाळी आली तेव्हा त्या बिचाऱ्याने डोळे गच्च मिटले. झालं! तेव्हापासून दर सणाला ताउनो सगळ्यांदेखत विचारी, "यार्क्को, बटाटे वाढू का? घाबरणार नाहीस ना?" यार्क्को हसून वेळ मारून नेई. थोरली लेक मात्र एकदा भरलं ताट तसंच टाकून उठून गेली होती.

यंदा धाकटीचा होणारा नवरा आला होता, साम्प्सा. आणि ताउनोला मागच्या वेळचा आवाज खटकत होता. ग्रीसमुळे आतली पिन जड सरकायची, नुसतं 'ठप' व्हायचं. गावोगावच्या बंदुका चालत्या करणाऱ्याच्या घरची बंदूक ठप म्हणते, ही काय शोभा? शेवटी त्याने सासऱ्यांचा हुकूम मोडला. दुपारी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर वाफेच्या आंघोळीचा सौना निवत आला होता. वाफ नाही, नुसती कोरडी ऊब. जुनं ग्रीस काढायला याहून चांगली जागा नाही, असं तो नेहमी म्हणे. वरच्या फळीवर वर्तमानपत्रं पसरून त्याने बंदूक आडवी ठेवली आणि साम्प्साला मदतीला घेतलं.

हळूहळू लोखंडाला घाम फुटला. तपकिरी ग्रीस कागदावर गळू लागलं. ताउनोने पुसता पुसता गुंडी मागे ओढली. ती अलगद आली आणि 'टक्' करून अडकली.

"ऐकलंस? आता खरी बोलणार ती! चल, रंगीत तालीम करू. उद्या सगळ्यांसमोर पचका नको. तिथं दाराशी उभा राहा."

साम्प्सा टॉवेल सावरत उभा राहिला. "काका, उघडून बघितलीत ना?"

"अरे, घरची बंदूक आहे ही! माझ्यावर उडवलीय, यार्क्कोवर उडवलीय. तुला काय वेगळा मुहूर्त पाहिजे?"

"तसं नाही. लष्करात आम्हाला आधी उघडून दाखवायला लावायचे. सवय लागलीय."

"झालं! दुसरा यार्क्को मिळाला म्हणायचा."

ताउनोने दस्ता खांद्याला लावला. साम्प्साच्या कपाळावर नेम धरला. बोट चापावर गेलंसुद्धा. पण पोराचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून त्याने नळी खाली केली आणि हिसका देऊन बोल्ट मागे ओढला. "घे, बघ डोळे भरून!"

आतून काहीतरी उसळलं, फळ्यांवर टणकन पडलं आणि घरंगळत साम्प्साच्या अनवाणी पायाशी जाऊन थांबलं.

जिवंत काडतूस होतं, टोकाला गोळी असलेलं.

ताउनो बंदूक खालच्या फळीवर ठेवून वाकला. त्याने काडतूस उचलून उलटं धरलं. बुडाशी तांब्याची टिकली होती, पिन जोरात आदळली की बार उडवणारी, आणि टिकलीच्या मधोमध एक खळगा. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचून झालेला. त्यातला एक टोच त्याच्या नावाचा होता. एक यार्क्कोच्या नावाचा, आणि तो त्याने स्वतःच्या बोटाने मारला होता. मध्ये होतं ते फक्त सुकलेलं ग्रीस. तेच त्याने आज प्रेमाने वितळवून काढलं होतं.

"काका," साम्प्सा कुजबुजला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मी विचारलं नसतं तर?"

ताउनोने काडतूस मुठीत आवळलं. ज्याने जन्मभर लोकांना गाढव म्हटलं, तो एवढं एक साधं काम करायला विसरला, कारण बंदूक घरची होती. विल्होंना तरी ठाऊक होतं का? नसावं. लढाईतून जिवंत आलेल्या माणसाने ग्रीस थापलं आणि मागे वळून पाहिलं नाही, एवढंच.

कमरेला टॉवेल गुंडाळलेला तसाच तो तळ्याकडे निघाला. काठावर यार्क्को सॉसेज भाजत होता. सासऱ्यांना असं येताना पाहून त्याने नेहमीसारखं हसू आणलं. "काय बाबा, तालीम झाली? सांगा त्याला, मिटले डोळे तरी बायको मिळते."

ताउनोने मूठ उघडली.

"हे आत होतं," तो म्हणाला. "तेव्हाही. मी तुझ्या कपाळावर नेम धरला होता, यार्क्को. आणि मग इतकी वर्षं हसलो."

यार्क्कोने काडतूस पाहिलं. टिकलीवरचा खळगा पाहिला. मग पाण्यात खिदळणाऱ्या आपल्या दोन्ही मुलींकडे पाहिलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.