मुक्या घंटा

बिशप आणि नगरपंच यांचं भांडण जुंपलं आणि बिशपनं गावातल्या चर्चच्या सगळ्या घंटा बंद पाडल्या. लग्नं अडली, पण माझ्या भट्टीचं काय? सासूच्या काळापासून पहाटेच्या पहिल्या घंटेला पीठ मळायचं, दुसरीला पाव भट्टीत घालायचे. आता एक दिवस नुसता कोळसा, तर एक दिवस आतून कच्चे. गिऱ्हाइकं मलाच बोलतात, "लुटगार्ड, हात बिघडला तुझा!"

वैतागून काल ठरवलं, समोरच्या मठात दिवा लागला की उठून पीठ मळायचं. पण आज दिवा लागलाच नाही. ऊन वर आलं तेव्हा मठातले फादर ओडिलो धावत दुकानात शिरले.

"अगं, पाव कुठायत?"

"पीठसुद्धा मळलं नाही. घंटा वाजवा, लगेच मळते!"

"पंच माफी मागेपर्यंत घंटा नाही, बाई."

"मग राहा उपाशी!"

"उपाशी राहीन गं, पण प्रार्थना बुडाली त्याचं काय? महिनाभर तुझ्या पावांच्या वासानं आम्हाला जाग येतेय. आज वासच नाही, सगळा मठ घोरत पडला!"

मी पिठाच्या रिकाम्या परातीवर हात आपटला.

"आणि मी पहाटेपासून तुमच्या दिव्याकडे डोळे लावून बसलेय!"