बोटाला लागणारी अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना पेन आहे, पण शाईचा नव्हे, विजेचा. बटण दाबलं की माझं टोक घर्रर्र करत थरथरतं आणि स्टीलच्या भांड्यावर नाव कोरतं. तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या डब्यावर 'मामाकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं दिसलं, तर ते माझ्याच एखाद्या भावंडाचं काम समजा.

चिंचपोकळीच्या एका भांड्यांच्या दुकानात मी अठ्ठावीस वर्षं आहे. मला हातात धरतात त्या अंबिकाताई. दुकानाच्या दाराशी त्यांचं छोटं टेबल आहे. लग्नसराईत आम्हा दोघांना चहा प्यायलाही उसंत नसायची. म्हणजे त्यांना, मी चहा पीत नाही. लोक त्यांच्या अक्षराचं कौतुक करायचे आणि माझ्याबद्दल "केवढा आवाज करतंय हे" एवढंच म्हणायचे. खोटं कशाला सांगू, वाईट वाटायचं.

पुढे कंपनीने माझ्यासारखे पेन बनवणं बंद केलं. सुटे भागही मिळेनात. मध्यंतरी माझ्या पोटातली तांब्याच्या तारेची कॉइल जळली, तेव्हा दुकानाचा तरुण मालक शंतनु म्हणाला, "अंबिकाताई, पुरे आता. लेझर मशीन मागवलंय, आठ दिवस ट्रायलला. ते पसंत पडलं की हे भंगारात." ते मशीन चालवायला माणूसही त्याच्याबरोबरच येणार होता. ताईंचं टेबलही उठणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

"आठ दिवस आहेत ना? बघते मी," म्हणून ताईंनी मला पिशवीत घातलं आणि गिरगावात, खोताच्या वाडीत हर्बर्ट अंकलकडे नेलं. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी मला उघडून नुसतं हुंगलं.

"जळलाय."

"पार्ट मिळत नाही म्हणतात, अंकल."

"पार्ट नाही, पण तार मिळते ना? ठेवून जा. गुरुवारी ये."

पहिल्यांदा कॉइल सैल गुंडाळली गेली. मला उचक्या लागल्या. अंकलनी सगळी तार उलगडली आणि नव्याने गुंडाळली. मीही हट्टाला पेटलो होतो. गुरुवारी चालायचं म्हणजे चालायचंच.

इकडे लेझर मशीनकडे पहिल्याच दिवशी सहा डबे आले होते. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आनंदीबाईंचे. चाळ सोडून टॉवरमध्ये जायचं, तर भांडी चकाचक हवीत, म्हणून त्यांच्या सूनबाईंनी, इरावतीने, हौसेने जुने डबे पॉलिश करून आणले. डबे आरशासारखे झाले आणि त्यांवर कोरलेली, भेट देणाऱ्यांची नावं पुसली गेली. आनंदीबाईंना जवळजवळ दिसत नाही. डबे सगळे एकाच मापाचे. भाऊ गुणाजीने दिलेल्या डब्यात साखर, नणंद नलूने दिलेल्यात मीठ. नावावर अंगठा फिरवून त्या डबा ओळखायच्या. नव्या घरात पहिल्याच सकाळी चहात मीठ पडलं. "आई, आता तुम्ही ओट्याशी येऊ नका," इरावती म्हणाली. तिने मायेनेच म्हटलं, पण म्हातारी त्या दिवशी जेवली नाही.

इरावतीने पुन्हा नावं घालून घेतली. लेझरने काही मिनिटांत सहाही डबे केले. अक्षरं देखणी होती, मान्य करतो. पण गुरुवारी ताई मला घेऊन परतल्या, तेव्हा सासू-सून ते डबे घेऊन दारात उभ्या होत्या.

"नावं आलीत म्हणतात सगळे," आनंदीबाई म्हणाल्या, "पण बोटाला काय लागत नाय गो."

"आजी, दिसायला एकदम क्लिअर आहे," लेझरवाला म्हणाला.

"दिसत असतं तर इथपर्यंत कशाला आले असते?"

ताईंनी माझी वायर सॉकेटात खुपसली. "शंतनु, एक डबा मला करू दे."

नवी कॉइल तापली, पण मी थांबलो नाही. लेझरच्या अक्षरांच्या खाली ताईंच्या हाताने एकेक अक्षर खोल उतरवलं. आनंदीबाईंनी डबा मांडीवर घेतला. अंगठा हळूहळू फिरला आणि थांबला.

"हा माझा गुणाजी," त्या म्हणाल्या. "साखर. बाकीचे पण कर गो. उद्या चहा मी करणार."

"करा, आई," इरावती म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

शंतनुने लेझर मशीन ठेवून घेतलं, पण आत, ट्रॉफ्यांसाठी. दाराशी आम्हीच आहोत. मित्रांनो, माझी कॉइल पुन्हा जळेल, मी पुन्हा खोताच्या वाडीत जाईन आणि पुन्हा येईन. तुम्ही फक्त एवढं करा. घरातली एखादी जुनी वस्तू टाकायला निघालात, तर नवी विकणाऱ्याचं ऐकण्याआधी जुनी वापरणाऱ्या हाताला विचारा.