मंजुळाबाईंची जपणूक

सुकदेव पाटलाने ‘बोरू’ नावाचा मराठी लिहायचा प्रोग्रॅम तयार केला, तेव्हा त्याची खात्री होती की आता सगळा खानदेश कॉम्प्युटरवरच लिहिणार. शहाण्णव साल होतं आणि जळगावात कॉम्प्युटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, ही बारीकशी गोष्ट त्याने हिशेबात धरली नव्हती. पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्याची एक खोली होती. खाली दळण सुरू झालं की वर टेबल थरथरायचं आणि सुकदेव तेवढा वेळ कीबोर्डवरून हात उचलून बसायचा. अशा थांबत थांबत लिहिलेल्या त्या प्रोग्रॅमवर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

वर्ष सरत आलं. एका छापखान्याने बोरूवर दोन लग्नपत्रिका केल्या आणि पुन्हा खिळे जुळवायला घेतले. एका वकिलाने मोठ्या हौसेने तो बसवून घेतला, पण त्या कॉम्प्युटरवर वकिलाची पोरं पत्ते खेळत. बोरूवर रोज नेमाने लिहिणारं माणूस साऱ्या जिल्ह्यांत मिळून एकच होतं. तेही जळगावात नाही, धुळ्याला देवपुरात, आणि वय वर्षं सदुसष्ट. त्यांचं नाव मंजुळाबाई. मुलींच्या शाळांत तेहतीस वर्षं काढून, शेवटी मुख्याध्यापिका होऊन त्या निवृत्त झाल्या होत्या. नाशिकच्या लेकीने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आईकडे पाठवून दिला, म्हणून हा योग आला.

इकडे सुकदेवची बायको कोकिळा हिच्याशी त्याचा करार झाला होता. अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बोरूची वाट बघायची. नाही चालला तर सुरतेला जायचं. तिथे तिचे काका बन्सीलाल एका साडीच्या मिलमध्ये होते आणि तिथल्या कॉम्प्युटर खात्यातली जागा त्यांनी सुकदेवसाठी शब्द टाकून धरून ठेवली होती. कोकिळा काही कजाग नव्हती. उलट तिनेच एक वर्ष दिलं होतं, आणि त्या वर्षात एकदाही त्याला टोचून बोलली नव्हती. त्यामुळेच तर सुकदेवला मुदत मोडता येईना.

अखजी दहा दिवसांवर आली आणि मंजुळाबाईंचं कार्ड आलं. अक्षर असं की फळ्यावर लिहिल्यासारखं. ‘जपणुकीचा फोल्डर ठरवून ठीक दाबले की बोरू कोसळतो. चार वेळा केले, चारही वेळा कोसळला. लिखाण थांबवले आहे. दुसरी प्रत राहणार नसेल तर मी पुढे एक ओळ लिहिणार नाही. अखजीपर्यंत दुरुस्त होत नसेल तर स्पष्ट कळवावे. मी वहीकडे वळेन.’

जपणूक म्हणजे बोरूची दुसरी प्रत ठेवायची सोय. लिहिणाऱ्याने एकदा जागा ठरवून दिली की आपल्या लिखाणाच्या फोल्डरमधलं सगळं बोरू आपणहून तिथे उतरवून ठेवी. सुकदेवचा सर्वांत जास्त अभिमान नेमका याच गोष्टीवर होता. त्याने आपल्या मशीनवर वीस वेळा जपणूक ठरवून पाहिली. वीसही वेळा बोरू शहाण्यासारखा वागला. मग तो कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेला आणि बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या की पुस्तिकेत लिहिलंय तसंच केलं, शब्दही इकडचा तिकडे केला नाही. एवढ्यावर सुकदेवने बाईंच्या जुन्या मशीनवर संशय घेतला, धुळ्याच्या विजेवर घेतला, नाशिकहून येताना टेम्पोत बसलेल्या धक्क्यांवर घेतला. एका स्वतःला सोडून त्याने सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो निघाला. बोरूची मूळ प्रत आणि तिला लागणारी सगळी हत्यारं अकरा फ्लॉप्यांवर घेतली होती. उन्हाने त्या वितळू नयेत म्हणून कोकिळेने त्या पितळी डब्यात घालून वर ओलं फडकं बांधायला घेतलं, तेव्हा ओलं नको म्हणून तो तिच्यावर उगाच खेकसला. मग पारोळ्यापर्यंत त्याच गोष्टीची त्याला रुखरुख लागून राहिली. धुळ्याला उतरला आणि पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात पोचला, तेव्हा ऊन मी म्हणत होतं.

मंजुळाबाईंनी त्याला आधी हातपाय धुवायला लावले, मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा असं पुढे ठेवलं, आणि पान स्वच्छ झाल्याशिवाय कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं झाकण काढलं नाही. सुकदेव तिशीचा होता, दोनदा बाप झाला होता, तरी त्यांच्यासमोर बसताना त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावून घेतली.

बाईंचं लिखाण ‘मुली’ नावाच्या फोल्डरमध्ये होतं. शिकवलेल्या मुलींपैकी जी जी आठवेल तिच्यावर एक पान, असं त्यांचं चाललं होतं. दोनशे चौदा पानं झाली होती. सुकदेवने जपणुकीची जागा म्हणून एक फ्लॉपी ठरवली आणि ठीक दाबलं. बोरूने दोनशे चौदा मुली गुमान उतरवून घेतल्या. त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मशीन बंद करून, चालू करून केलं. काही म्हणता काही बिघडेना. न सापडणारा बिघाड हा सापडलेल्या बिघाडापेक्षा कितीतरी वाईट. तासाभराने बाई शांतपणे म्हणाल्या की शाळेत इन्स्पेक्टर आला की मुली अशाच धडाधडा उत्तरं देत असत.

त्या दिवशी सुकदेवला एकच शहाणपण सुचलं, पण वेळेवर सुचलं. तो खुर्चीवरून उठला.

“बाई, आता तुम्ही बसा. त्या चार वेळा केलंत तसंच करा. मी तोंडातून शब्द काढत नाही.”

बाई बसल्या. चष्मा पुसला. ‘मुली’ उघडलं आणि त्याच्या आत एक नवा फोल्डर केला. त्याच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा. सुकदेव मागे उभा राहून मोजत होता. असे सात झाले. सातव्याला जपणुकीची जागा म्हणून नेमून बाईंनी ठीक दाबलं. डिस्क बराच वेळ घरघरली, पडदा गोठला आणि बोरू कोसळला.

सात कशाला, असं सुकदेवने विचारलं. बाईंना प्रश्नच विचित्र वाटला. जपणूक सुरक्षित जागी ठेवावी, असं पुस्तिकेत त्यानेच नाही का लिहिलं? मग त्यांनी सांगितलं, की त्यांची आई सोन्याच्या पाटल्या चिंधीत बांधायची, चिंधी डबीत, डबी गाडग्यात, आणि गाडगं ज्वारीच्या कोठीत खोल पुरून टाकायची. एकदा घरात चोर शिरले. त्यांनी तांब्याचा हंडा नेला, बैलांच्या घुंगुरमाळासुद्धा सोडल्या नाहीत, पण पाटल्यांना धक्का लागला नाही. मौल्यवान वस्तू ठेवायची तर ती घरातल्या घरात, दाण्यांच्या पोटात. याहून सुरक्षित जागा बाईंना ठाऊक नव्हती.

सुकदेव कॉटवर बसला आणि हसत सुटला. त्याच्या आईचा सोन्याचा गोफसुद्धा बाजरीच्या कोठीतच असे. वर्षातून दोनदा लग्नकार्याला तो बाहेर निघे आणि घरभर बाजरीचा सडा होई. हे सगळं जन्मापासून पाहिलेला माणूस सुरक्षित जागा असे दोन शब्द लिहून मोकळा झाला होता, आणि खानदेशातली माणसं ते शब्द कसे वाचतील हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग त्याने बाईंना समजावलं. बोरूला सांगितलंय की ‘मुली’मधलं सगळं उचल आणि जपणुकीत ठेव. पण जपणूकच ‘मुली’च्या पोटात. म्हणजे सगळं उचलताना ती जपणूकही उचलावी लागते. ती आत ठेवली की आत आणखी एक जपणूक झाली, मग तीही उचला. कोठी उचलून त्याच कोठीत ठेवायला निघालेल्या माणसासारखी बिचाऱ्याची गत होते, आणि शेवटी तो उताणा पडतो.

बाईंचा चेहरा पडला. “म्हणजे चूक माझीच झाली.”

“नाही बाई,” सुकदेव म्हणाला. “चूक बोरूची, म्हणजे माझी. माणूस कोठीत कोठी ठेवायला लागलं तर त्याला थांबवायला नको का? मरून पडणं हे काय सांगणं झालं?”

आणि गंमत अशी की चूक आपली म्हटल्याबरोबर त्याला वर्षभरात वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. त्याने अकरा फ्लॉप्या एकामागून एक लावल्या. सातव्या फ्लॉपीला वीज गेली. दोघं ओसरीवर येऊन बसले आणि बाई रुपलीबद्दल सांगू लागल्या. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांची पहिली नेमणूक होती. पावरा आदिवासींच्या पाड्यावरची रुपली धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची, आणि बाई ते पोर टेबलाच्या मोठ्या खणात गोधडी घालून निजवायच्या. एकदा साहेब तपासणीला आले, खण उघडला आणि हजेरीपटाऐवजी त्यांच्या हाती ते पोर आलं. साहेबांनी शेरा लिहिला, पटसंख्येपेक्षा एक विद्यार्थी जास्त आढळला. सुकदेवला हसून हसून ठसका लागला. आपल्या बोरूच्या पोटात हे असलं आहे, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं.

वीज आली. चार ओळींचं काम होतं. जागा लिखाणाच्या आत असेल तर थांब आणि सांग. आता सांगायचं काय? सुकदेवने लिहिलं, ‘निवडलेले स्थान अग्राह्य आहे.’ बाईंनी ते वाचलं आणि हाती नसलेल्या लाल पेन्सिलीने हवेतच खोडलं. हे कोणाला कळणार, असं त्यांनी विचारलं. मग काय लिहू, असं त्याने विचारलं. बाई खिडकीबाहेर बघत, ज्या अहिराणीत त्यांच्याशी त्यांची आई बोलत असे त्या अहिराणीत एकेक शब्द सांगत गेल्या. सुकदेवने निमूटपणे टाइप केलं.

बाईंनी पुन्हा तोच सातवा फोल्डर निवडला आणि ठीक दाबलं. बोरू कोसळला नाही. पडद्यावर मधोमध अक्षरं आली:

‘माय, आठे नको ठेवू. कोठीमा कोठी मावत नही. दुसराना घर ठेव.’

मंजुळाबाई हसल्या. चष्मा काढून, पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “तेहतीस वर्षं वर्गात एकीलाही असं बोलू दिलं नाही मी,” त्या म्हणाल्या. “आहेच्या जागी शे म्हटलं की उभं करायची. आणि आज हे यंत्र बोललं तर आईच बोलल्यासारखं वाटलं रे सुकदेव.” सुकदेव पडद्यावरची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. प्रोग्रॅम बरोबर चालतो तेव्हा बरं वाटतं, पण हे काही तेवढंच नव्हतं.

मग बाईंनी फ्लॉपी घातली, फ्लॉपीवर जपणूक ठरवली, आणि दोनशे चौदा मुली एका दमात उतरल्या. फ्लॉपी हातात घेऊन बाई उभ्या राहिल्या. दुसराना घर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या घरी? नाशिकच्या लेकीकडे ठेवावी तर नातवंडं तिचा चेंडू करतील. शेजारी चांगले होते, पण त्यांना ही काय वस्तू आहे ते समजणार नाही. त्यांनी ती सुकदेवच्या हातावर ठेवली. दर महिन्याला येऊन नवी घेऊन जा, म्हणाल्या.

“बाई, मी अखजीनंतर सुरतेला जायचं म्हणतोय. कायमचं.”

“मग मी ही कोणाकडे ठेवू?” बाईंनी विचारलं.

त्यांना त्याला अडवायचं नव्हतं. उत्तर खरोखरच हवं होतं. त्याने फ्लॉपी वरच्या खिशात घातली, गुंडी लावली आणि जळगावची गाडी पकडली. एरंडोल येईस्तोवर त्याचा हात खिशावरून हलला नाही.

घरी पोचला तेव्हा कोकिळा अंगणात कुरडया काढत होती. त्याने सगळं सांगितलं. बोरू काय बोलला ते सांगितल्यावर ती खळखळून हसली. मग त्याने फ्लॉपी तिच्यापुढे धरली. हे काय, असं तिने विचारलं, तर म्हणाला, दोनशे चौदा पोरी आहेत, बाईंनी आपल्याकडे ठेवायला दिल्यात. कोकिळेने हात पदराला पुसले, फ्लॉपी दोन्ही हातांत घेतली आणि आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला, लग्नातला शालू उलगडल्याचा आला, ट्रंकेला कुलूप घातल्याचा आला. किल्ली कमरेला खोचून ती बाहेर आली आणि पुन्हा कुरडयांपाशी बसली.

“आपन सुरतले गऊत ते हाई कोन संभाळी?” ती खाली बघूनच म्हणाली. “काकाले ‘येत नही’ अशी चिठ्ठी तुम्हीच लिखा. आनि बोरूवर लिखा, म्हनजे त्यासलेबी समजी.”