धाकटी टेकडी डावीकडे

तिसऱ्या दिवशीही आमचे हे तळ्याकडे पाठ करून फोटोच बघत बसले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"अहो, एवढा घाट चढून आलो ते काय भिंतीवरचा फोटो बघायला? तो घरी होताच की."

फ्रेममधून काढून, दोन पुठ्ठ्यांत घालून त्यांनी तो छातीशी धरून आणला होता. बसमध्येसुद्धा मांडीवरून हलवला नाही. माझी औषधांची पिशवी मात्र खुशाल टपावर टाकली.

फोटो आमच्या मुलीचा. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ती याच तळ्यावर सहलीला आली होती. परतली ती अंगात ताप घेऊनच, आणि आठवड्याच्या आत गेली. कॅमेऱ्यात रोल तसाच राहिला होता. आमचा फोटो स्टुडिओ. ह्यांनी तो रोल स्वतः धुतला, दिवसभर डार्करूमचं दार लावून बसले आणि संध्याकाळी एकच फोटो घेऊन बाहेर आले. बाकीचा रोल उजेड लागून वाया गेला होता. फोटोत ती स्वेटर घालून तळ्याच्या पायऱ्यांवर उभी आहे, हसते आहे. मागे पाणी, पाण्यापलीकडे एक मोठी टेकडी आणि तिच्या डावीकडे एक लहान.

फोटोग्राफरची मुलगी, पण दिव्याखाली अंधार. मोठेपणीचा धड असा तिचा हा एकच फोटो. लहानपणचे होते ते मी ट्रंकेत घातले, मला बघवत नव्हते. हा भिंतीवर राहिला. सकाळी उठलं की आधी मी तिच्याशी बोलायची, मग चहा टाकायची.

आता डॉक्टर म्हणाले, ह्यांची नजर फार दिवस टिकायची नाही. त्यावर हे एवढंच बोलले, "ती उभी होती तिथं एकदा उभं राहायचंय मला. दिसतंय तोवर." या माणसानं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. चहा हवा असला तरी नुसतं खाकरायचे. मग काय, निघालो.

आणि ती जागा काही सापडेना.

तळं होतं, टेकड्याही होत्या. होडीवाला म्हणाला, त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. पण कुठूनही बघा, धाकटी आपली थोरलीच्या उजवीकडे. होडीवाल्याचं नाव मी बडबड्या ठेवलं होतं, कारण वल्ह्यांपेक्षा त्याचं तोंड जास्त चालायचं. पण माणूस भला. दर धक्क्याला होडी लावायचा, हे उतरायचे, फोटो डोळ्यांसमोर धरायचे, मान हलवायचे आणि परत चढायचे.

"काका, सगळे काठ झाले," तो शेवटी म्हणाला. "आता पाण्याखालून बघायचं तेवढं राहिलं."

मी हसले. हे हसले नाहीत. होडी तळ्याच्या मध्यावर आली तेव्हा हळूच म्हणाले, "अगं, ती इथं आलीच नसेल तर? कुठं दुसरीकडेच गेली असेल, दुसऱ्याच कुणाबरोबर. आणि आपल्याला इथलं सांगितलं असेल."

"जीभ झडेल तुमची," मी म्हटलं. "माझी पोर खोटं बोलणारी नव्हती."

"मग काय टेकड्या खोटं बोलतात?"

राग ह्यांचा आला, आणि खरं सांगते, क्षणभर तिचाही आला. मेलेल्या पोरीवर संशय घेणं किती वाईट असतं ते कुणाला सांगून कळायचं नाही. मी पाण्याकडे तोंड करून बसले.

"बास, भांडण पुरे," बडबड्या म्हणाला. "माझ्या होडीत बसलेल्या प्रत्येकाचा माझ्यासोबत एक फोटो असतो. काकू, जरा हसा."

त्यानं फोन लांब धरला. पडद्यावर आम्ही तिघं, तिघांचीही तोंडं कारलं खाल्ल्यासारखी. आणि मागे टेकड्या. धाकटी डावीकडे.

मी वळून मागे बघितलं. उजवीकडे. फोनमध्ये बघितलं. डावीकडे.

"हे असं कसं?" मी विचारलं.

"समोरचा कॅमेरा आरशासारखा दाखवतो हो, काकू. डावं-उजवं उलटं."

स्टुडिओत सगळा जन्म गेला माझा, मला कळायला किती वेळ लागणार? फोटो छापताना निगेटिव्हची चकचकीत बाजू वर आणि मंद बाजू खाली घालायची. उलटी घातली की फोटोतलं उजवं ते डावं होतं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी दम द्यायचे, "गिऱ्हाइकाचा खिसा उजवीकडे गेला, तर तुझा कान माझ्या हातात." स्वतः त्यांच्या हातून ही चूक कधीच झाली नव्हती. सगळ्या गावाला ते ऐकवून झालं होतं.

सांगावं, तर म्हातारपणी ह्यांच्या हातचं हेच काम मातीमोल होणार. न सांगावं, तर पोर खोटी ठरते. मी पोरीची बाजू घेतली.

"अहो," मी म्हटलं, "फोनमध्ये बघा. आणि मग आपला फोटो बघा."

त्यांनी बघितलं. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, फिल्मची बाजू चाचपून बघताना घासायचे तसंच.

"मंद बाजू खाली," ते पुटपुटले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मला काही दिसतच नव्हतं गं."

बडबड्यानं फोटोतल्या पायऱ्या मनात उलट्या करून बघितल्या आणि होडी वळवली. त्यानं आम्हाला नेमकं त्या पायऱ्यांवर आणून सोडलं. आमच्या लॉजच्या खालच्याच पायऱ्या. तीन दिवस सकाळी तिथंच बसून चहा पीत आम्ही भांडत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हे चप्पल काढून पायरीवर उभे राहिले. मी शेजारी. मागे पाणी, थोरली, धाकटी. बडबड्यानं पुठ्ठ्यातल्या फोटोचा फोटो काढला, काहीतरी दाबून तो सुलटा केला आणि फोन आमच्या हातात दिला.

टेकड्या जुळल्या. पण पोर कुणाची तरी दुसऱ्याचीच होती.

तसंच हसू, तोच स्वेटर, पण चेहरा ओळखीचा वाटेना. त्याच वर्षी ती स्टुडिओतल्या दिव्याच्या स्टँडवर आपटली होती, भुवईवर व्रण राहिला होता.

"व्रण उजव्या भुवईवर होता ना गं?" ह्यांनी विचारलं.

"उजव्याच," मी म्हटलं. फोनमधल्या मुलीच्या तो डाव्या भुवईवर होता.

मग मी हात वर केला. ती स्टुलावर बसलेली, मी समोर उभी, डाव्या हातात तिची हनुवटी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं मलम लावते आहे. समोरासमोर. माझा अंगठा हवेत जिथं थांबला, तिथं तिची डावी भुवई होती. हाताला आठवत होतं, मला नाही. रोज सकाळी तिच्याकडे बघत बघतच मी तिला विसरले होते.

"ही आपली वाटत नाही," हे म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "होती तशी परत करायला सांग त्याला."

"नाही सांगणार," मी म्हटलं. "हीच आपली. नजर आहे तोवर बघून घ्या नीट."

त्यांनी फोन अगदी डोळ्यांशी नेला.

"दिसत नाही गं."

"आधी डोळे पुसा. मग दिसेल."

त्यांनी पुसले. ते परत भरले. मी पदर पुढे केला. बडबड्या होडीत जाऊन बसला, आणि फोन मागायला आला नाही.