अकरा फुल्या

साक्षीनं पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली आणि पडद्याकडे पाहिलं. आलेखातले ठिपके गेले होते.

एक-दोन नव्हे, चांगले दीडशे. आडवी रेघ होती, उभी रेघ होती, मधून जाणारी पंचेचाळीसची लाल मर्यादा होती, खाली पाणवठ्यांचे एक ते एक्केचाळीस नंबर होते. गावच्या पाण्यात नायट्रेट किती ते सांगणारा निळा ठिपका मात्र औषधालाही नव्हता. पार उजव्या टोकाला फिकट करड्या रंगाच्या काही फुल्या तेवढ्या उरल्या होत्या, झाडून साऱ्या लाल रेघेच्या वर.

“हे काय?” मंजुषा मॅडम म्हणाल्या. बैठक त्यांची होती. निफाडकडच्या त्या गावाला पाणी शुद्धीकरणाची दोन यंत्रं मंजूर झाली होती आणि ती कुठं बसवायची ते आज त्यांच्या सहीनं ठरणार होतं. “वर्षभर मोजलंत ना तुम्ही पाणी?”

“मोजलंय मॅडम,” यादव सर हसत म्हणाले आणि हसू तसंच ठेवून त्यांनी मान वळवली. “साक्षी?”

हे हसू साक्षीच्या ओळखीचं होतं. लॅब सरांची, आणि महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपत होतं. वाढवायचं की नाही, ते सर आजच्या बैठकीनंतर बघणार होते. आता घ्या! आदल्या दिवशी तिनं हाच आलेख लॅबच्या चार कॉम्प्युटरवर उघडून पाहिला होता. चारही विंडोजचे. इथं नाशिकच्या या सरकारी सभागृहात मात्र लिनक्स, आणि तिच्या नव्या लॅपटॉपला प्रोजेक्टरची जुनी केबल बसायला तयार नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती अशी.

“फॉन्टचा घोळ आहे सर. पाच मिनिटं द्या.”

“पाच म्हणजे पाच,” सर दातांतल्या दातांत म्हणाले.

घोळ काय ते तिला ठाऊक होतं. मागे एकदा तिनं वाचलं होतं आणि आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिलं होतं. तिचं आलेखाचं सॉफ्टवेअर भारी आळशी. गोल ठिपका स्वतः काढायचा त्याला कंटाळा, म्हणून ते चिन्हांच्या फॉन्टमधलं तयार चिन्ह उचलून तिथं टाइप करतं, आणि तो फॉन्ट काही फाइलबरोबर धाडत नाही. समोरच्या मशीनवर असला तर ठिपका दिसणार, नसला तर जागा कोरी. फुलीचं तसं नसतं. फुली म्हणजे दोन तिरक्या रेघा, त्या ते आपल्या हातानं ओढतं. म्हणून ठिपके गेले आणि फुल्या शाबूत राहिल्या.

तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला. मागच्या रांगेत कुसाबाई बसल्या होत्या, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून निवडून आलेल्या पंचायत सदस्य. बैठकीआधी जिन्यात त्यांनी साक्षीचा हात धरला होता. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, बाळाच्या पोटात हे पाणी जाता कामा नये. “एक मशीन आमच्याकडं लागंल ना, बाई?” साक्षीनं “बघू या मावशी” म्हणून हात सोडवून घेतला होता.

“त्या फुल्या कशाच्या पण?” मंजुषा मॅडमनी विचारलं.

“वगळलेली सॅम्पल आहेत मॅडम,” यादव सर म्हणाले. “आमचं काउंटर पाचला बंद होतं. त्यानंतर आलेली बाटली रात्रभर फ्रिजबाहेर राहते. ती आम्ही तपासतो, पण आकडा धरत नाही. तशी पद्धतच आहे.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. नियम लॅबचा, आणि तो प्रोग्रॅममध्ये बसवणारी ओळ साक्षीची. पाचनंतर आलं की ठिपका नाही, फुली. रंग फिकट, म्हणजे बघणाऱ्याचा गोंधळ नको. ती ओळ लिहिली तेव्हा तिला कोण समाधान वाटलं होतं!

तिनं मान वर करून पडद्याकडे पाहिलं आणि सवयीनं फुल्या मोजल्या. अकरा. खालचे नंबर वाचले. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. दुसरा नंबरच नाही. ते तिन्ही पाणवठे वस्तीवरचे. वर्षात चार फेऱ्या झाल्या, म्हणजे सॅम्पल बारा व्हायला हवी होती, पण मे महिन्यात एक हापसा कोरडा पडला होता. वस्तीचं वर्षभराचं सगळं पाणी त्या अकरा फुल्यांत होतं. ठिपका एकही नाही.

अगं बाई! तिचे हात कीबोर्डवर थांबले.

फेरी कशी व्हायची ते तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. सकाळी नऊला सरपंचांच्या ओट्यावर चहा-पोहे, तिथून नंबर एक. मग गावठाण, मग द्राक्षांचे मळे, दुपारी एका मळ्यात जेवण. चारला लॅबचा पोऱ्या भिकन बाटल्यांनी भरलेली पेटी मोटारसायकलला बांधून नाशिकला पळायचा आणि पाचच्या आत काउंटर गाठायचा. त्यानंतर, उन्हं कलल्यावर, वस्ती. तिथल्या बाटल्या जीपमधून रात्री पोचायच्या आणि वॉचमनच्या टेबलावर पडून राहायच्या. हा क्रम ठरवला कुणी? कुणीच नाही. पंचायतीचा शिपाई पुढं चालायचा. गावात कुठलंही सरकारी काम ज्या वाटेनं फिरतं त्याच वाटेनं तो न्यायचा, आणि साक्षी नंबर टाकत मागून जायची. शेवटी कुसाबाई ताटलीत कप मांडून दारात उभ्या असायच्या. चारही वेळा साक्षी म्हणाली होती, नको मावशी, उशीर झालाय.

नाशिक रोडच्या कॉलनीत येण्याआधीच्या गावाच्या गोष्टी पप्पा सांगायचे. टपालवाला, लस टोचणारी नर्स, मतदारयादीवाले, सगळे आपल्या वस्तीवर दिवस मावळताना यायचे म्हणे. ती हसून म्हणायची, पप्पा, तो जमाना गेला आता. गेला कुठला! तिच्याच रजिस्टरमध्ये, तिच्याच अक्षरात तारीख-वेळेसह लिहिलेला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“झालं का?” सर कानाशी वाकले.

“सर, ह्या अकराच्या अकरा फुल्या वस्तीवरच्या आहेत.”

“मग?”

“मग वस्तीचं पाणी आपण धरलंच नाही. वर्षभर.”

“मला काय दिसत नाही?” सरांचा आवाज अगदी खाली गेला. “आत्ता बोललीस तर अख्खा अहवाल परत येईल. नियम आपण मोडलेला नाही. ठिपके आण, विषय संपव. तुझ्या कंत्राटाचा कागद माझ्या टेबलावर आहे, विसरू नकोस.”

साक्षीनं लॅपटॉपकडे मान वळवली. सॉफ्टवेअरला तो फॉन्ट वापरू नकोस एवढं सांगायला एक शब्द पुरे होता. तिनं तो घातला, आलेख पुन्हा काढला, पेन ड्राइव्हवर घेतला आणि पुढं जाऊन सरकारी मशीनवर उघडला.

ठिपके आले. दीडशेच्या दीडशे, निळे, टपोरे. काही मळ्यांकडचे आणि शाळेजवळचे लाल रेघेच्या वर चढलेले, बाकी खाली. त्या गर्दीत कोपऱ्यातल्या करड्या फुल्या असून नसल्यासारख्या झाल्या.

“हां, आता कसं!” मंजुषा मॅडम सैलावून बसल्या. “म्हणजे एक मळ्यात आणि एक शाळेजवळ. बरोबर ना?”

“अगदी बरोबर,” यादव सर म्हणाले.

मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

“बाई,” मागून आवाज आला. कुसाबाई उभ्या राहिल्या होत्या. “मघाचं काढा की परत.”

“मघाचं चुकीचं होतं मावशी,” सर गोड आवाजात म्हणाले. “मशीनची चूक झाली होती.”

“असंल. मला त्यातलं काय कळत नाय. पण मघा तिथं कडंला चाळीस नंबरावर फुल्या दिसत व्हत्या. तो नंबर आमचा हापसा हाय. ह्या बाईनंच त्याच्यावर रंगानं नंबर टाकलाय.” त्या साक्षीकडे बघत होत्या. “आता तिथं नीट काय दिसंना.”

साक्षीचा हात माउसवर होता. सरांकडे न बघताही त्यांची नजर तिला मानेवर जाणवत होती. महिनाअखेर, घराचं भाडं, पप्पांची पेन्शन, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तिनं नवी फाइल बंद केली आणि जुनी उघडली.

पडदा पुन्हा ओस पडला. उजव्या कोपऱ्यात अकरा फुल्या.

“साक्षी!” सर म्हणाले.

“मॅडम, ठिपके बरोबर आहेत, ते परत दाखवते,” ती म्हणाली. “पण आधी ह्या बघा. ह्या फुल्या मी मारल्यात. सगळ्या एकाच वस्तीवरच्या आहेत. बाटल्या उशिरा आल्या म्हणून वगळल्या. पण पाणी उशिरा आलं नाही, मॅडम. आम्ही उशिरा गेलो. चारही वेळा.”

मंजुषा मॅडमनी फुल्यांखालचे नंबर वाचले. “म्हणजे हे आकडे खरे आहेत?”

“ते नाही सांगता येणार. बाटल्या रात्रभर बाहेर होत्या. वस्तीचं पाणी परत तपासावं लागेल.”

“कधी?”

“उद्याच जाते. ह्या वेळी आधी वस्ती. नऊला.”

मॅडमनी पेनचं टोपण पुन्हा बसवलं आणि कागद न भरताच बाजूला सरकवला. यादव सरांनी मोबाइल कानाला लावला आणि ते बाहेर गेले. मोबाइल वाजला मात्र नव्हता, आणि जाताना त्यांनी साक्षीकडे पाहिलंही नाही. ती खुर्चीवर टेकली.

कुसाबाई अजून उभ्याच होत्या.

“नऊला?” त्यांनी खात्री करून घेतली.

“हो मावशी.”

“मंग चहा आमच्याकडं,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून खाली बसल्या.