गेरूचा थर

"अंगठा नाई लावत मी." गुलाम रसूलनं शाईची डबी हातानं बाजूला सारली. "आधी हे खोडा. मंग पाहू."

चावडीत बसलेल्यांनी माना खाली घातल्या. जानेफळचे पोलीस पाटील इंद्रभान यांनी जबानीचा कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मजकूर चार ओळींचा होता. मयत कय्यूम हा कोणी न सांगता आपल्या मर्जीने खड्ड्यात उतरला. त्याचा भाऊ व कामाचा मुकादम गुलाम रसूल हा त्या वेळी कामावर हजर नव्हता.

"यात खोटं काय हाये, रसूलभाई?" पाटील हळूच म्हणाले. "तू नव्हताच ना तथी?"

"नव्हतो! पन काऊन नव्हतो ते लिहा ना. तुमच्याच मळ्यातून बाभळीचे टेकू आनाले गेलतो मी. तुमीच काढून देल्ले. ते काऊन नाई लिहत?"

पाटलांनी चावडीतल्या एकुलत्या एका खुर्चीकडं पाहिलं. खुर्चीत नागपूरच्या कॉलेजचे प्रोफेसर नारायणराव बसले होते. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं.

"पाटील, माझी मोटार दुपारची आहे."

कय्यूमला काल माती दिली होती. गुलाम रसूलच्या नखांतली माती अजून निघाली नव्हती.

पन्नाशीचा हा माणूस तीस वर्षं विहिरी खोदत आला होता. मेहकरपासून चिखलीपर्यंत त्याच्या हातच्या विहिरी होत्या. पहारीचा आवाज ऐकून खाली दगड पोकळ आहे की भरीव, हे तो सांगायचा. धाकटा भाऊ कय्यूम त्याच्याच हाताखाली तयार झाला होता.

वैशाखात प्रोफेसर आले. विद्यापीठासाठी त्यांचं वऱ्हाडातल्या दगडांवर संशोधन चाललं होतं. गावाबाहेर एक अर्धवट सोडलेली विहीर होती, ती त्यांनी आणखी खोल करायला घेतली. पहिला पाषाण फोडून झाल्यावर लाल थर लागला, तेव्हा प्रोफेसर स्वतः दोराला धरून खाली उतरले आणि लहान मुलासारखे हरखले.

"हे काय आहे ठाऊक आहे का तुला?" त्यांनी विचारलं.

"गेरू म्हनतो आमी. पाषाणाच्या दोन थरांमंधात असते."

"कोणे एके काळी इथे आगीचा रस वाहिला. तो थिजला. मग हजारो वर्षं त्याच्यावर ऊनपाऊस पडला आणि माती झाली. त्या मातीवर पुन्हा दुसरा रस आला आणि तिला भाजून काढलं. ही लाल माती म्हणजे दोन आगींमधल्या जमिनीचा तुकडा आहे."

गुलाम रसूल त्या रात्री घरी जाऊन कय्यूमला आणि त्याच्या बायकोला, ताहेराला, हे सगळं तीनदा सांगत बसला होता. तीस वर्षं ज्या थराला तो पहार लावत आला, तो काय आहे हे त्याला पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं. त्या माणसाबद्दल त्याच्या मनात इज्जत होती. आता तेच आठवून त्याचं तोंड कडू होत होतं.

कारण पुढं प्रोफेसरांना त्या गेरूचा अखंड चौकोनी तुकडा हवा झाला. हातभर लांब, हातभर रुंद, एकही तडा नको. तो काढायचा तर बाजूनं आत कोरत जायचं, म्हणजे वरचा पाषाण अधांतरी. त्यातून वरच्या दगडातल्या फटींमधून पाझर सुटला होता आणि गेरू ओला झाला होता.

"साहेब, ओला गेरू लोन्यासारखा सुटते," गुलाम रसूल म्हणाला होता. "आधी टेकू लावू. मंग कोरू. दोन दिस थांबा."

"परवा मला निघायचं आहे."

"मी आत्ताच लाकूड आनतो. मी आल्याबिगर कोनी उतरू नोका."

प्रोफेसरांचे मदतनीस, कॉलेजातले तरुण मास्तर भालचंद्र, खड्ड्याच्या काठावर वहीत रोजचं टिपण लिहीत बसायचे. त्यांनी हे बोलणंही लिहून घेतलं. गुलाम रसूलनं ते लिहिताना पाहिलं होतं.

तो बैलगाडीत बाभळीची लाकडं टाकून परतला तेव्हा काठावर माणसं जमली होती. गेरूचा तुकडा वर आला होता, अखंड. कय्यूमनं तो टोपल्यात बसवून दोराला इशारा केला होता, टोपलं वर चढलं होतं आणि पाठोपाठ पाषाण खाली बसला होता, कय्यूमवर.

"मास्तर," चावडीत गुलाम रसूल भालचंद्रांकडं वळला. त्याचा आवाज चढला. "वहीत लिवलं होतं ना तुमी? मी काय बोल्लो ते? वाचा ना थे. सगळ्यांईसमोर वाचा."

भालचंद्रांचा चेहरा उतरला. वही त्यांच्या काखेत होती.

"ती वही कॉलेजची आहे," प्रोफेसर म्हणाले. "तिच्यात दगडांची नोंद असते. मजुरांच्या गप्पांची नसते."

"मास्तर, मी तुमाले इचारून राह्यलो."

भालचंद्रांनी वही काखेत आणखी घट्ट दाबली. पाटलांनी दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि अंगठ्याशिवायच कागद मेहकरला, तालुक्याच्या ठाण्यात, गेला. दुपारच्या मोटारीवर गेरूच्या तुकड्याची, कडब्यात गुंडाळलेली पेटी चढली. ती चढवताना दोन माणसांनी तिला खालून हात दिले होते, धक्का लागू नये म्हणून.

पावसाळा गेला. गुलाम रसूलनं त्या हंगामात एकही काम घेतलं नाही. लोक बोलवायला यायचे, तो अंगावर धावून जायचा. बारीकसारीक गोष्टीवरून भांडायचा, मशिदीतही वाद घालायचा. एकदा जेवताना त्यानं ताट भिरकावलं, तेव्हा ताहेरानं ते उचललं, धुतलं, पुन्हा वाढून समोर ठेवलं आणि म्हणाली,

"भाईजान, माह्यावर काढू नोका. निंदनाच्या बाया मले काय म्हनतात माहीत हाये? म्हनतात, तुह्या नवऱ्याले कोनी सांगतलं होतं का उतराले? सरकारी कागदावर तसंच लिवलं हाये म्हनते."

त्यानं मान वर केली नाही. पण त्यानंतर घरात ताट पुन्हा कधी उडालं नाही.

दिवाळीनंतर भालचंद्र एकटेच जानेफळला आले. ते ओसरीत बसले, पाणी घेतलं, आणि पिशवीतून छापलेला एक लेख काढला. त्यात त्या विहिरीचं चित्र होतं, थरांना आकडे होते.

"रसूलभाई, हे तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला राहवेना." त्यांनी इंग्रजीतून वाचून मराठीत सांगितलं. "लाल थर घट्ट व टिकाऊ असून ओलाव्याचा त्यावर परिणाम होत नाही. विहिरी खोदणाऱ्यांना या थरात टेकू देण्याची गरज नाही."

गुलाम रसूलनं चित्रातल्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"हे कोन वाचते?"

"सरकारचे इंजिनियर. विहिरींची कामं काढतात ते."

"आन् मंग ते खोदनाऱ्याले सांगतीन, टेकू नोको." तो उठून उभा राहिला. "एक मानूस मेला, साहेबाले पुरला नाई? आता हे वाचून किती मारनार हाये तो? आन् तुमी, मास्तर, हे मले सांगाले येवढ्या दूर आले. त्याले काऊन नाई सांगत?"

"माझी नोकरी..." भालचंद्र अडखळले.

"हाव. नोकरी." गुलाम रसूलनं अंगणाचं फाटक उघडलं. "कॉलेज कोठी हाये तेवढं सांगा. मंग जा."

खामगावाहून, जलंबला गाडी बदलून, तो नागपूरला उतरला. कॉलेजात वर्गाच्या दाराशी शालिग्राम नावाच्या शिपायानं त्याला अडवलं. वर्ग सुरू होता. दारातूनच गुलाम रसूलला टेबल दिसलं आणि टेबलावर, लाकडी पाटावर, तो तुकडा दिसला. सहा महिन्यांत वाळून तो विटेसारखा टणक झाला होता. समोर वीसेक पोरं लिहीत होती. मागच्या बाकाशी भालचंद्र उभे होते.

"येऊ दे त्यांना," भालचंद्र शिपायाला म्हणाले.

प्रोफेसर बोलता बोलता थांबले. "काय काम आहे? खाली कचेरीत बस."

"वळखलं ना साहेब? बस झालं. पानी पाह्यजे जरासं."

शालिग्रामनं तांब्या आणून दिला. दमून आलाय बिचारा, असंच त्याला वाटलं. गुलाम रसूलनं तांब्या तोंडाला लावला नाही. दोन पावलं पुढं होऊन त्यानं तो त्या तुकड्यावर रिता केला.

"अरे! काय करतोस तू हे!"

प्रोफेसर पुढं झाले, पण पुढच्या बाकांवरची पोरं त्यांच्या आधी उठून टेबलाभोवती आली होती. आधी काहीच झालं नाही. पाणी नुसतं मुरलं. मग आतून बारीक चरचर ऐकू येऊ लागली, बुडबुडे फुटले, आणि एक कोपरा आपोआप गळून पडला. मग दुसरा. कोणी हात न लावता तुकड्याला पापुद्रे सुटत गेले, अंग फुगलं, मधोमध चीर गेली आणि जड लाल चिखल पाटावरून टेबलावर पसरला.

"सर," एक विद्यार्थी म्हणाला, "लेखात तर लिहिलंय की ओलाव्याचा..."

"हा काही प्रयोग नव्हे," प्रोफेसर कोरड्या आवाजात म्हणाले. "शालिग्राम, ह्याला बाहेर काढ."

"मी प्रयोग नाई करून राह्यलो, साहेब. तो तुमी केला. वैशाखात, माह्या भावावर." गुलाम रसूल चिखलात बोटं खुपसून उरलेला गोळा मुठीत दाबत होता. तो बोटांमधून सुटला. "मी सांगतलं होतं, ओला हाये, थांबा. लाकूड आनाले गेलो त तुमी त्याले उतरोलं. आन् कागदावर काय, आपल्या मर्जीनं! पोराहो, तुमी शिकले-सवरले मानसं. पाह्यलं ना डोयानं? मंग लिहा ते."

 मग मागून भालचंद्रांचा आवाज आला. तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता.

"सर, त्या दिवशी ते काय म्हणाले ते माझ्या वहीत आहे. तारखेसकट आहे. वही तुमच्या कपाटात आहे."

प्रोफेसरांनी मान टेबलाकडं वळवली. "शालिग्राम, हे पुसून घे आधी," एवढंच ते म्हणाले. शालिग्राम हातात फडकं घेऊन उभा होता. तो जागचा हलला नाही.

कपाट उघडतं की नाही हे पाहायला गुलाम रसूल थांबला नाही. वही निघाली आणि लेखाला दुरुस्तीची एक ओळ जोडली गेली, हे त्याला फाल्गुनात कळलं. त्या ओळीत कय्यूमचं नाव नव्हतं. मेहकरला गेलेली जबानी होती तशीच राहिली, आणि तिच्यावर गुलाम रसूलचा अंगठा नव्हता, तो नंतरही उमटला नाही.

त्या दुपारी त्याला वाटलं होतं की कॉलेजातून बाहेर पडल्यावर अंग हलकं होईल. तसं काही झालं नाही. राग होता तिथंच होता, छातीच्या खाली, घट्ट. तो स्टेशनपर्यंत चालत गेला, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीशी बसला. शेजारच्या बाईनं, हाताला काय लागलं म्हणून विचारलं.

"माती हाये, माय," तो म्हणाला.

वर्धा मागं पडेपर्यंत ती वाळली होती. त्यानं मूठ उघडली की ती तळव्यावर तडकायची. त्यानं मूठ मिटून घेतली.