एक वीत खोल

वडवणीच्या पुढच्या त्या गावात मी पोहोचले तेव्हा पाझर तलावात थेंबभर पाणी नव्हतं. आणि माझं काम काय, तर तलावाची पाणथळ जमीन कुठं संपते ते आखून देणं! रेषेच्या आत बांधकामाला बंदी, बाहेर मोकळीक. दूध संस्थेला काठावर शीतकरणाची शेड बांधायची होती, म्हणून चेअरमन राधाकिशन आप्पा स्वतः हजर होते.

"मॅडम, पाणीच न्हाई तर पाणथळ कावून आखायची?"

"पाणी आटलं तरी खुणा राहतात, आप्पा. माती राखाडी पडते, तिच्यात गंजासारखे तांबडे ठिपके येतात. लव्हाळा वाळला तरी त्याच्या गाठी जमिनीत असतात. बाभळीच्या खोडावर जुन्या पाण्याची रेघ असते. या खुणा जुळतात तिथवर पाणथळ."

शेडच्या जागेला खेटून मेंढपाळ साखराबाईंचा झिरा होता. झिरा म्हणजे कोरड्या तलावात खणलेला खड्डा, त्यात पाझरून थोडं थोडं पाणी साठतं. त्यांची साठ मेंढरं त्यावरच उन्हाळा काढत होती. शेड झाली की झिरा बुजणार.

"ताई, नीट बघा. मेंढरांला दुसरं पाणी चार कोसांत न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या.

बाभळीवर रेघ होती. पण मी कुदळ मारली ती खणकन वाजली. सगळ्या जागेवर ताजा मुरूम पसरलेला. कुणी पसरला हे विचारायची गरजच नव्हती, आप्पा आभाळाकडे बघत होते. वीतभर खणलं, सगळा मुरूमच.

"बास! मुरमाड जमीन हाय, लिहा," आप्पा म्हणाले. "पुढं खणू नका, पाया ढिला व्हतो. एकच वीत, असा संस्थेचा ठराव हाय."

माझं डोकं फिरलं. आणि मी रागावले की फार गोड बोलते. घरचे तेव्हा स्वयंपाकघरात लपतात.

"ठराव तो ठराव, आप्पा. पण तुलनेला कोरड्या जमिनीचा नमुना लागेल. तिथंही एकच वीत."

"मग माझंच रान घ्या की! तलावापासून लांब, उंचावर हाय. असं रान तालुक्यात न्हाई."

गेलो. साखराबाईही मागून आल्या. ठिबकच्या नळीखाली हिरवागार लव्हाळा तरारला होता. वीतभर खणलं, तर राखाडी माती, तांबडे ठिपके, वर गोगलगायीचे शंख! क्षणभर मीच चक्रावले. मग वही उघडली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "राधाकिशन आप्पांचं रान. पाणथळ."

"अहो मॅडम! तलावातला गाळ हाय तो!" आप्पा किंचाळले. "गेल्या उन्हाळ्यात मीच पंचवीस ट्रॅक्टर आणून टाकला. लव्हाळा बी त्याच्यासंगं आला, आन् पाणी ठिबकचं!"

"असेल. मी एकच वीत खणणार."

"आवं, खाली खणा की! खाली माझी काळी माती हाय!"

"ठराव आहे ना, आप्पा."

"खड्ड्यात गेला ठराव!" आप्पांनी धोतर खोचलं, माझ्या हातातली कुदळ घेतली आणि स्वतः हातभर खणलं. गाळाखाली खरोखरच काळीभोर माती निघाली, चुनखडीचे खडे असलेली. आप्पा घामाघूम, पण चेहऱ्यावर पोरगी उजवल्याचं समाधान. "बगा. खोल गेल्याबिगर जमीन कळत न्हाई."

"अगदी बरोबर बोललात," मी म्हणाले. "चला मग, तलावावर."

आप्पांच्या हातातली कुदळ तिथंच थांबली. साखराबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही झाकलं नाही.

तलावावर मी नुसतं मुरमाकडे बोट दाखवलं. आप्पांनी खणलं. माणूस हट्टी, पण बोललेल्या शब्दाला जागणारा; मला ते तिथंच आवडून गेले. मुरमाखाली राखाडी माती लागली. ठिपके लागले. लव्हाळ्याच्या गाठी लागल्या. हातभर गेल्यावरही राखाडीच, आणि आता ओली.

आप्पा खड्ड्याच्या काठावर मटकन बसले. मग म्हणाले, "फक्की टाका. झिऱ्याच्या वरून, त्या बाभळीपातुर."

"आणि शेड?"

"वर बांधू. बांधाला माझी जागा हाय, गाळ न टाकलेली."

मी चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढत बाभळीपर्यंत गेले. मागं वळून पाहिलं तर आप्पा तसेच खड्ड्यापाशी बसलेले, त्यात घोटाभर पाणी जमलेलं, आणि साठ मेंढरं त्यांच्याभोवती दाटीवाटीनं उभी.

"आप्पा," साखराबाई म्हणाल्या, "जरा बाजूला सरका. मेंढरं लाजायलीत तुमाला."